लस फुकट आहे, पण कोपीपर्यंत गाडी कोण देणार?

महोदय,

जागतिक पोलिओ दिनानिमित्त २४ ऑक्टोबरला निघालेल्या फेऱ्यांची छायाचित्रे आपल्या अंकात पाहिली. माझी सारी नोकरी आरोग्य सेविका म्हणून शिरोळ तालुक्यात झाली. टोप्या घातलेली मुले आणि फलक धरलेले रोटरी क्लबचे सभासद पाहून बरे वाटले. त्याच सभासदांशी आज थोडे बोलायचे आहे.

रोटरीने पोलिओचे काम १९८५ मध्ये अंगावर घेतले. १२ कोटी डॉलर जमवायचे ठरले होते. तीन वर्षांत २४ कोटी ७० लाख जमले. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि रोटरी यांची मोहीम उभी राहिली, तेव्हा जगात वर्षाला साडेतीन लाख मुलांना हा आजार गाठत होता. अगदी २००९ मध्येसुद्धा भारतात ७४१ रुग्ण होते, जगातल्या जवळपास निम्मे. त्यानंतर दोनच वर्षांनी, १३ जानेवारी २०११ ला, हावडा जिल्ह्यातली एक लहान मुलगी देशातली शेवटची रुग्ण ठरली आणि २७ मार्च २०१४ ला आपण पोलिओमुक्त म्हणून जाहीर झालो. या कामात देणगीदारांचा मोठा वाटा आहे आणि तो मी कधी विसरणार नाही.

पण हा वाटा नेमका कशाचा होता? लस सरकार देत होते, आजही देते. आमच्याकडे क्लबच्या मंडळींनी दिली ती गाडी, डिझेल, बूथवरच्या अंगणवाडी सेविकांचे दुपारचे जेवण, उन्हात बसायला मांडव. या साध्या गोष्टींवर मोहीम चालायची. व्हॅक्सिन कॅरियरमध्ये, म्हणजे लस थंड ठेवायच्या डब्यात, चार आइसपॅक असतात. ते वितळू लागले की जीव खालीवर व्हायचा. डोस देण्याआधी दर वेळी बाटलीवरचे ते बारीक वर्तुळ बघायचे. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल तोवर लस चांगली. दोन्हींचा रंग एक झाला की बाटली बाजूला काढायची. वेळेत आलेल्या गाडीची किंमत तेव्हा कळते.

आमच्या तालुक्यात खरी कसोटी असायची ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांवर. बीडकडून टोळ्या येतात आणि पाचटाच्या, ताडपत्रीच्या कोप्या शिवारात उभ्या राहतात. पहाटे अंधारातच कोयता सुरू होतो. तान्ही मुले आईबरोबर फडात, बैलगाडीखाली बांधलेल्या झोळीत. रविवारी बूथवर ती येणार कुठून? सोमवारपासून घरोघरी जायचे तेव्हाही कोप्या रिकाम्याच. एक आई मला म्हणाली होती, “ताई, खाडा झाला तर मुकादम उचलीतून कापतो. तुमीच या की फडावर.” उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम. तिचे बरोबरच होते. मग तिन्हीसांजेला जायचे. चुली पेटलेल्या, पोरे पेंगुळलेली. बॅटरीच्या उजेडात गाल हलकेच दाबून दोन थेंब सोडायचे आणि डाव्या करंगळीच्या नखावर मार्करची खूण करायची.

तोंडातून द्यायचे थेंब कसेही पोचवता येतात. नेहमीच्या लसीकरणाचे तसे नाही. दिवाळीच्या सुमारास जन्मलेल्या मुलाचा हिशेब करून पाहा. सहा, दहा आणि चौदा आठवडे, हे तिन्ही डोस गळीत हंगामातच येतात. या काळात बाळापर्यंत पोचता आले नाही, तर घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ‘ब’ कावीळ आणि हिब जंतूचे आजार अशा पाचांवरच्या पेंटाव्हॅलेंट लसीची तिन्ही इंजेक्शने चुकतात, पोलिओचे इंजेक्शनही राहते. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची लस, तीही आधीच्या उन्हाळ्यात जन्मलेल्या अनेकांची हंगामातच येते. लसीकरणाचे कार्ड गावाकडे पेटीत राहिलेले असते. उपकेंद्र चार-पाच किलोमीटरवर. इंजेक्शन दिल्यावर बाळाला अर्धा तास थांबवावे लागते, रात्री ताप येतो, म्हणजे आईचा दुसरा दिवसही गेला. हे सगळे ठाऊक असूनही ‘या लोकांना लसीकरणाचे महत्त्वच कळत नाही’ असे बोलले जाते, तेव्हा मला फार वाईट वाटते. महत्त्व त्यांना चांगले कळते. मजुरी बुडवणे त्यांना परवडत नाही.

एका हंगामात एका अडत दुकानदाराने आठवड्यातून एक दिवस स्वतःची जीप चालकासह आम्हाला दिली. नाव कुठे लावायचे नाही, एवढीच त्यांची अट होती. जीप फडावर जायची, आया आणि बाळे उपकेंद्रात आणायची, अर्धा तास झाला की परत सोडायची. मुकादमांशी ते स्वतः बोलले होते, त्यामुळे खाडे लागले नाहीत. त्या हंगामात माझ्या नोंदवहीत टोळ्यांच्या मुलांचे रकाने जितके भरले, तितके आधी कधी भरले नव्हते. पुढच्या वर्षी ते आजारी पडले आणि जीप थांबली. मी एका मोठ्या संस्थेकडे गेले. त्यांनी आमच्या उपकेंद्राला भिंतीवरचे घड्याळ दिले, संस्थेचे नाव छापलेले.

पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात पोलिओ अजून आहे. तिथे पैसे पाठवण्याला माझा मुळीच विरोध नाही. तिथला विषाणू संपेपर्यंत आपलीही मुले निर्धास्त नाहीत. रोटरीच्या प्रत्येक डॉलरमागे गेट्स फाउंडेशन दोन डॉलर घालते, म्हणून ते द्यावेतच. माझे मागणे त्याहून फार छोटे आहे. फेरीचे फलक, सत्काराच्या शाली आणि नारळ यांवर होणारा खर्च यंदा वाहनाकडे वळवा.

गळीत हंगाम तोंडावर आहे. प्रत्येक क्लबने आपल्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आताच भेटावे. कारखान्याच्या शेतकी खात्याकडे कोणती टोळी कोणत्या शिवारात उतरणार याची माहिती असते, ती मागून घ्यावी. आठवड्याचा एक वार ठरवून हंगाम संपेपर्यंत एक गाडी द्यावी. ताप उतरेपर्यंत आईला एक दिवस फडावर जाता आले नाही, तर तिची तेवढी मजुरी भरून द्यावी. मुकादमाशी बोलायला क्लबमधला वजनदार माणूस पाठवावा, कारण नर्सबाईचे तो ऐकतोच असे नाही. कोप्या ओळखणारे माणूस हवे असेल, तर गाडीत बसून यायला मी तयार आहे.

— एक निवृत्त आरोग्य सेविका,
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर
(नाव प्रसिद्ध करू नये, क्लबच्या मंडळींना पत्ता जरूर कळवावा.)