निवडीच्या आधीचे लाखभर रुपये : सामाजिक न्याय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सामाजिक न्याय व विशेष सहाय्य,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स.न.वि.वि.

मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात कॉलेजात शिकवते. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं घरातली पहिली पदवीधर. त्यांच्यापैकी ज्यांना परदेशात शिकायचं आहे आणि ज्यांची तेवढी कुवत आहे, त्यांच्या वतीने हे पत्र लिहीत आहे.

अनुसूचित जातींतल्या मुलांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती ही योजना फार मोलाची आहे. दरवर्षी ७५ विद्यार्थी, त्यांची पूर्ण फी, निर्वाह भत्ता, विमानभाडं. एकदा निवड झाली की घरच्यांना पदरमोड करावी लागू नये, असा विचार तिच्यामागे आहे, आणि ज्यांना ती मिळाली त्यांची आयुष्यं बदलली आहेत. माझं म्हणणं निवड होण्याआधीच्या खर्चाबद्दल आहे. आमच्याकडची मुलं तिथेच गळतात.

अर्जासोबत परदेशी विद्यापीठाचं ऑफर लेटर, म्हणजे प्रवेश दिल्याचं पत्र, लागतं, तेही विनाअट. ते मिळवायला आधी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा. तिची फी सतरा-अठरा हजार रुपये, आणि अर्धा बँड, म्हणजे अर्धा गुण, कमी पडला की पुन्हा तेवढेच. मग ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा विद्यापीठाने दिलेला दाखला. त्यासाठी कोल्हापूरला विद्यापीठात जायचं, म्हणजे एक दिवस मोडतो आणि एक मजुरी बुडते. पुष्कळ विद्यापीठं अर्जाची फी घेतात. ऑफर आली की अनेक ठिकाणी जागा राखून ठेवायला डिपॉझिट मागतात, तेही पौंडात. ब्रिटनला जायचं तर व्हिसाच्या अर्जाबरोबरच तिथल्या आरोग्य सेवेचा अधिभार भरावा लागतो, वर्षाला ७७६ पौंड, म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या वर. तो हप्त्याने चालत नाही. योजनेच्या आठ लाखांच्या वार्षिक उत्पन्न मर्यादेत जेमतेम बसणारं घर आणि शेतमजुरीवर चालणारं घर यांत फार अंतर आहे, साहेब. पहिल्या घरात कुणीतरी पीएफमधून उचल घेतं. दुसऱ्या घरात पीएफच नसतो.

माझी एक विद्यार्थिनी म्हसवडच्या पलीकडच्या एका वस्तीवरची. आई खुरपणीला जाते, वडील वीटभट्टीवर. एसओपीचा, म्हणजे मला हेच का शिकायचं आहे हे विद्यापीठाला सांगणाऱ्या निवेदनाचा, पहिला खर्डा तिने आणला तेव्हा त्यात ‘मी गरीब पण होतकरू’ अशी वाक्यं होती, नेटवरून उचललेली. मी तो बाजूला ठेवला आणि तिला गावातल्या टँकरबद्दल विचारलं. मग ती तासभर बोलत राहिली. टँकर आधी कोणत्या आळीत थांबतो, विहिरीत पाणी सोडलं की आधी कोण भरतं, नंबर लावायला शाळा बुडवून कुणाच्या मुली बसतात, टँकरचा फेरा कागदावर दोन आणि प्रत्यक्षात एक कसा होतो. हे सगळं तिने लहानपणापासून पाहिलेलं. तेच लिही म्हटलं. त्या दीड पानावर तिला इंग्लंडमधल्या दोन विद्यापीठांनी घेतलं. प्रवेश घ्यायचा तर जुलैअखेर डिपॉझिट भरायचं होतं. शिष्यवृत्तीची यादी तोवर आली नव्हती. निवडपत्र हातात नसलं तर व्हिसासाठी फी आणि तिथल्या खर्चाची सगळी रक्कम २८ दिवस बँकेत पडून असल्याचं दाखवावं लागतं. तिच्या वडिलांच्या खात्यात भट्टीची उचल होती, आणि तीही फेडायची होती. मुदत टळली. ती सध्या एका खाजगी क्लासमध्ये शिकवते.

तिच्यासारखी मुलं मला दर दोन-तीन वर्षांत भेटतात. जतच्या, आटपाडीच्या, खटावच्या कॉलेजातले सहकारीही हेच सांगतात.

या जिल्ह्याला परदेशी शिक्षणाची जुनी ओळख आहे. साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं. शासन तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. जूनमध्ये करार झाला आणि जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले. संस्थानी कारभारात हे दीडएक महिन्यात झालं. पुढे शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये त्यांना लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं, आणि १९२० साली पुन्हा जाता आलं ते स्वतःची बचत आणि शाहू महाराजांसारख्यांची मदत यांच्या जोरावर. पैसा वेळेवर येणं आणि न येणं यात बाबासाहेबांसारख्या माणसाची तीन वर्षं गेली. ज्यांच्या नावाने आज ही योजना आहे ते शाहू महाराज त्या वेळी मागे उभे राहिले.

म्हणून मागणी अशी. ज्यांच्या हातात ऑफर आहे आणि जे उत्पन्नाच्या अगदी खालच्या पायरीवर आहेत, त्यांच्यासाठी निवडीपूर्वीचा एक निधी ठेवा. रोख मुलाच्या हातात देऊ नका, हवं तर परीक्षा घेणाऱ्या संस्थेला, विद्यापीठाला, व्हिसा शुल्काला परस्पर भरा. पुढे निवड झाली तर शिष्यवृत्तीतून वळती करून घ्या. नाही झाली तर तो खर्च शासनाने सोसावा, कारण ऑफर मिळवून त्या मुलाने आपलं काम केलेलं असतं.

दुसरं वेळापत्रक. ब्रिटनमधली सत्रं सप्टेंबरात सुरू होतात. जाहिरात जानेवारीत निघाली आणि यादी मेअखेर लागली, तर वर सांगितलेल्या निम्म्या अडचणी एक रुपयाही न खर्चता सुटतील. आदिवासी विकास, इतर मागास बहुजन कल्याण, अल्पसंख्याक विकास, सारथी या सगळ्यांच्या परदेश शिष्यवृत्त्या वेगळ्या, जाहिराती वेगळ्या, तारखा वेगळ्या. धनगराच्या मुलाने कुठे पाहायचं आणि मातंगाच्या मुलीने कुठे, हे आम्हा प्राध्यापकांनाही दरवर्षी नव्याने शोधावं लागतं. मंत्रिमंडळात बसून या सर्वांची एक तारीख ठरवणं आपल्याला शक्य आहे.

क्रमवारीच्या अटीचाही फेरविचार व्हावा. क्यूएस या जागतिक क्रमवारीच्या एकूण यादीतल्या पहिल्या दोनशे विद्यापीठांतच प्रवेश हवा, हा योजनेचा निकष विषय पाहत नाही. ससेक्स विद्यापीठ विकास अभ्यासाच्या विषयवार यादीत वर्षानुवर्षं जगात पहिलं आहे, पण एकूण यादीत दोनशेच्या बाहेर. दुष्काळ, पाणी, स्थलांतर हेच ज्यांना शिकायचं आहे त्या माणदेशातल्या मुलांना त्या विषयातल्या सर्वोत्तम जागी जायला आपलीच योजना आड येते. विषयवार क्रमवारी ग्राह्य धरली तर हे सहज सुटेल.

शेवटची गोष्ट मनुष्यबळाची. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्यामागे भाऊराव होते. आज पुण्यात परदेशी प्रवेशाचे कन्सल्टंट आहेत, पण त्यांची फी भरणारी मुलं वेगळी. जिल्ह्याच्या समाज कल्याण कार्यालयात एक तरी माणूस असा नेमा, ज्याला एसओपी वाचता येतो, शिफारसपत्र कसं मागायचं ते सांगता येतं आणि जो जात वैधता प्रमाणपत्रासाठी वर्षभर आधी मुलाला जागं करतो. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत आधी करून पाहा. जागा आमची कॉलेजं देतील. शनिवार-रविवारी येऊन मुलांचे खर्डे तपासायला आम्ही काही प्राध्यापक विनामोबदला तयार आहोत, आणि तसं लेखी द्यायचीही तयारी आहे.

पुढच्या वर्षीची जाहिरात निघण्याआधी यावर शासन निर्णय व्हावा, ही विनंती.

कळावे,
आपली,
माण तालुक्यातील एक प्राध्यापिका