अकरा चेहरे आणि न वाचता येणारे नाव

महोदय,

कुडाळच्या एस.टी. स्थानकासमोर जूनमध्ये एका नव्या मराठी मालिकेचा भलामोठा फ्लेक्स लागला. गाडीची वाट पाहता पाहता मी त्यावरचे चेहरे मोजले. ते अकरा भरले. नायकापासून कजाग आत्यापर्यंत सगळे एकाच आकाराचे, सगळे आपल्याकडेच बघणारे, आणि मागे वाडा, माड, देऊळ, समुद्र व मावळता सूर्य. कथा कोकणातली आहे एवढे कळले. ती कोणाची, हे काही कळले नाही.

शाळेत चित्रकला शिकवत असताना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांना संकल्पचित्र समजावताना मी सांगत असे, की डोळे किलकिले करून कागदाकडे बघा. जे शिल्लक राहील तेच तुमचे चित्र. या फ्लेक्सवर तसे बघितले तर तळाची पिवळी पट्टी तेवढी शिल्लक राहते, ज्यावर मालिकेची वेळ छापली आहे. शीर्षक सोनेरी आहे आणि ते केशरी आकाशावर ठेवले आहे. रंग दोन असले तरी त्यांचा उजळपणा जवळपास सारखाच असल्याने अक्षरे आकाशात विरघळून जातात. त्यात एक वेलांटी नायिकेच्या केसांत शिरली आहे आणि रफार तर शोधावाच लागतो. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, अनुस्वार, रफार असतात आणि खाली उकार असतात, त्यामुळे रोमन अक्षरांपेक्षा तिला वर-खाली जास्त मोकळी जागा लागते. ती जागाच येथे चेहऱ्यांनी खाल्ली आहे.

स्थानकावर थांबलेल्या माणसाला निदान वेळ तरी असतो. महामार्गावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला साधारण १७ मीटर अंतर कापते. म्हणजे तीन सेकंद नजर टाकेपर्यंत ५० मीटर मागे पडलेले असतात. तेवढ्या वेळात एक चेहरा आणि एक नाव मनात उतरते, गोतावळा नव्हे. प्रत्येक कलाकाराला जागा देण्याची वाहिनीची अडचण मी समजू शकतो, पण जागा देणे आणि सगळ्यांना सारखीच जागा देणे यांत फरक आहे. हेच चित्र मोबाईलच्या पडद्यावर अंगठ्याएवढे होते, तेव्हा त्या अकरा चेहऱ्यांच्या कण्या होतात.

आपल्याकडे याची जाण नव्हती असे मुळीच नाही. शेजारच्या सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा हा पत्त्यांचा खेळ पाहावा. तळहातात मावणारी गोल पाने, दहा अवतारांची प्रत्येकी १२, अशी एकूण १२०. मत्स्याच्या सातव्या पानावर सात मासे, बाकी पसारा नाही. पान हातात येताच ते कोणत्या अवताराचे आणि कितवे, हे खेळणाऱ्याला उमगावे, यासाठीच चितारणाऱ्याचे सारे कसब पणाला लागलेले असते. अलीकडचे उदाहरण अक्षररचनाकार कमल शेडगे यांचे. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या काळ्या-पांढऱ्या जाहिरातींत, जेमतेम काही इंच जागेत, त्यांनी केवळ शीर्षकाच्या अक्षरांतून नाटकाची जातकुळी सांगितली. रंग नव्हते, चेहऱ्यांची गर्दीही नव्हती. २०२० साली ते गेले, आणि आज मालिकांच्या शीर्षकांना सरसकट चढवलेला सोनेरी, फुगीर मुलामा पाहिला की त्यांची आठवण येते.

वाहिन्यांना माझी विनंती एवढीच आहे, की रस्त्यावरच्या फलकासाठी वेगळे चित्र करावे: एक चेहरा किंवा एकच वस्तू, मागे थोडे मोकळे आकाश आणि गडद पार्श्वभूमीवर उजळ, ठसठशीत नाव. कोकणच्या पावसाळ्यात सभोवती आधीच एवढे हिरवे असते, की त्यात आणखी माड छापून काहीच उठून दिसत नाही. हा मजकूर लिहीत असतानाच्या वादळी वाऱ्याने स्थानकासमोरच्या त्या फ्लेक्सची डावी बाजू दुमडली असून सहा चेहरे झाकले गेले आहेत. काल प्रथमच त्या मालिकेची नायिका कोण, हे माझ्या लक्षात आले.

– एक निवृत्त चित्रकला शिक्षक, कुडाळ (जि. सिंधुदुर्ग)