अ‍ॅप वाढली, ताळमेळ कोण घालणार?

महोदय,

शाळांसाठी आणखी एक नवे अ‍ॅप येणार, ही कालच्या अंकातली बातमी वाचून राहवले नाही. आधीच्या अ‍ॅपांचा एकमेकांशी मेळ कोण घालणार, याचे उत्तर त्यात कुठेच नव्हते.

माझी मुलगी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका विद्यालयात नववीत आहे. धड्याचे व्हिडिओ ‘दीक्षा’ या सरकारी अ‍ॅपवर, गृहपाठ दुसऱ्या अ‍ॅपवर, हजेरी आणि गुण तिसऱ्यावर, सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर. गेल्या सत्रात तिने विज्ञानाचा प्रकल्प मुदतीत अपलोड केला. हिरवी खूण आजही तिथे दिसते. प्रगतिपत्रकात मात्र ‘सादर केला नाही’ आणि गुण शून्य! प्रगतिपत्रक तिसऱ्या अ‍ॅपमधून निघते आणि गृहपाठाच्या अ‍ॅपचे गुण तिथे आपोआप जात नाहीत. बाई दिवसभर शिकवून रात्री घरी एकेका मुलाचे गुण हाताने उतरवून काढतात. त्यात एक ओळ सुटली. बाईंना मी मुळीच दोष देत नाही. मुख्याध्यापकांनी अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीला कळवले, तर ‘सत्र बंद झाले, आता बदल होणार नाही’ असे उत्तर आले. पोरगी त्या रात्री जेवली नाही. मुलांच्या गुणांवर शाळेपेक्षा कंपनीचा हक्क जास्त आहे का?

यावर उपाय आहे. मूडल ही ऑनलाइन अभ्यास, गृहपाठ आणि गुण सांभाळणारी प्रणाली २००२ पासून मोफत मिळते, ती सरकारला स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येते. एका प्रणालीतले गुण दुसरीत आपोआप पोचावेत म्हणून ‘एलटीआय’ हे खुले मानक आहे. गोव्यातल्या महाविद्यालयांसाठी २०२० मध्ये ‘दिष्टावो’ हे ऑनलाइन व्याख्यानांचे व्यासपीठ उभे राहिले, आपल्याच प्राध्यापकांनी व्याख्याने तयार केली. मग शाळांच्याच वाट्याला ही ओढाताण का? शिक्षण खात्याने निविदेतच अट घालावी: लॉगिन एकच, गुण आपोआप पोचले पाहिजेत, चूक दुरुस्त करण्याचा अधिकार मुख्याध्यापकांकडे आणि कंपनी बदलली तरी मुलांच्या नोंदी शाळेच्या ताब्यात.

आणखी एक. शाळेच्या सगळ्या सूचना इंग्रजीत येतात. आम्ही दोघे कामावर असतो, दुपारी मुलगी आजीजवळ असते. आजी मराठी वर्तमानपत्र रोज वाचते, पण शाळा लवकर सुटणार असल्याची सूचना तिला वाचता येत नाही. मराठी आणि कोकणीत सूचना देण्याची अटही त्याच निविदेत हवी.

– एक पालक, वाळपई