कळपातल्या जुन्या मेंढ्यांबद्दल

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "यंदा किती काढल्यास?" आणि मी विषय बदलला. तुमच्या नियमाने सहा वेतं झालेल्या वीस मेंढ्या जायला हव्या होत्या. मी चौदा काढल्या, त्यातल्याही आठच जुन्या आहेत. त्या आठांत पांढऱ्या कानाची आहे. फोनवर सांगवेना, म्हणून लिहितेय.

कोकरं आईपासून तोडून तीन आठवडे झाले. नर सोडायला अजून दीड महिना आहे, म्हणून दोन दिवस एकेक मेंढी धरून तपासली. तुम्ही शिकवलंत तसं आधी तोंड, मग कास, मग खूर, शेवटी कमरेवर हात. दोन दाती, चार दाती मेंढ्यांच्या तोंडाची काळजी नसते. चारेक वर्षांची होऊन आठही दात जुळले, की त्यानंतर बघावं लागतं. दात लांबतात, फटी पडतात, मग एखादा पडतो. अशा मेंढीला आखूड गवत कापता येत नाही. ती दिवसभर चरते आणि तरी पाठीचा कणा हाताला लागतो. यंदा अशा सात निघाल्या.

पण बाकीच्या बारा जुन्यांची तोंडं शाबूत आहेत, बाबा. कास मऊ, चाल सरळ. त्यांना केवळ वय झालं म्हणून काढायला माझा हात धजावत नाही. तुमचा नियम मला कळतो. तिसऱ्या ते सहाव्या वर्षात मेंढी सगळ्यात चांगली देते, पुढे धोका वाढत जातो. मात्र पहिलं वेत होईपर्यंत जवळजवळ दोन वर्षं आपण तिला नुसतंच पोसतो. सहा वेतांत काढली तर दरवर्षी कळपाचा सहावा हिस्सा नवा भरावा लागतो, आठ वेतं टिकली तर आठवाच. शिवाय पहिलटकरीण कितीदा गोंधळते, कोकरू चाटायचं सोडून लांब जाऊन उभी राहते, हे तुम्ही रात्र रात्र जागून पाहिलंय. या जुन्या बाया जुळं झालं तरी दोन्ही कोकरं उठून आचळाला लागेपर्यंत जागच्या हलत नाहीत.

त्या बाराजणींचा मी वेगळा गट केलाय. गाभण राहिल्या की सोनोग्राफी करून जुळंवाल्या वेगळ्या काढीन. शेवटच्या सहा आठवड्यांत कोकरू सर्वात जास्त वाढतं, आणि नेमका तेव्हाच पोटात चाऱ्याला जागा कमी उरते. मेंढी अंगातली चरबी जाळते, मग खाणं सोडून बसते. म्हणून त्या दिवसांत खुराक थोडा थोडा, दोन वेळा. एवढं केलं तर आणखी एक वेत, कदाचित दोन मिळतील.

तरुणांपैकी सहा जातायत, त्याचंच जास्त वाईट वाटतं. तिघींचं व्यायच्या आधी अंग बाहेर आलं होतं. पुढच्या खेपेलाही तेच व्हायची भीती असते, त्यामुळे त्यांच्या पोटच्या माद्याही मी ठेवणार नाही. दोन भाकड राहिल्या. एकीची कास दगडी होऊन गेली.

आता पांढऱ्या कानाची. आई, तू बाटलीवर वाढवलेली तीच. आठ वर्षांची झाली, सात वेतं दिली. बाबा, तिच्यासाठी तुम्ही स्वतःचा नियम मोडला होतात. दात अजून बरे आहेत, पण कासेची डावी बाजू कडक आहे, आत गाठ लागते. यंदा तिच्या जुळ्यातलं एक पोर मीच बाटलीवर जगवलं. तिला पुन्हा नराकडे सोडणार नाही, हे मी ठरवलंय. मेंढी दहा-बारा वर्षं जगू शकते, म्हणजे तिची काही वर्षं उरली असतील. ठेवली तर एका तरुण मेंढीचा चारा ती खाईल. पाठवली तर कुठे जाईल, ते तुम्हा दोघांना ठाऊक आहे. तिच्या दोन मुली कळपात आहेत, दोघींच्या कासा चांगल्या आहेत.

बाकी तेराजणींचं मी ठरवलं. हिचं मला एकटीला ठरवता येत नाहीये. गाडी शनिवारी येणार आहे. शुक्रवारी रात्री फोन करते, तोवर दोघं मिळून बोला.

तुमची,
धाकटी