मानसीस, तिरुवनंतपुरमच्या पत्त्यावर

देवबाग, ता. मालवण

चि. मानसी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू सुखरूप पोहोचल्याचा फोन आला तेव्हा मी बाजारात होतो. खोली बरी मिळाली, जेवणाची सोय झाली, एवढे सांगून तू लगेच म्हणालीस म्हणे, की पाऊस लागला तरी शंखुमुखमच्या किनाऱ्यावरच्या वाळूची मोजणी थांबणार नाही आणि ओहोटीला छातीएवढ्या पाण्यापर्यंत उतरावे लागेल. आईने हे मला भाजी निवडता निवडता सहज सांगितले. या पत्रात फक्त घरचे वर्तमान लिहायचे, असे मी ठरवून बसलो आहे.

घरी सगळे ठीक आहे. पाडेली येऊन माड उतरवून गेला. होडी वर ओढून शाकारून घेतली. अण्णांचा राग मात्र अजून निवळलेला नाही. ओसरीवर बसून तू त्यांना पुदुच्चेरीची हकिकत सांगितलीस. १९८९ साली बंदरासाठी समुद्रात बांध घातले, दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाणारी वाळू त्यांच्यापाशी अडली आणि उत्तरेच्या अंगाला असलेल्या शहराची पुळण नाहीशी होऊन तिथे दगडांची रास उरली. तू सांगत होतीस बंदराच्या बांधांविषयी, पण त्यांना वाटले की तू आपल्या वाडीच्या बंधाऱ्याला नावे ठेवतेस. ज्याचे घर एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर उभे आहे, त्याला दगड हवाच वाटणार. दगडावर आपटून मागे फिरणारी लाट त्याच दगडाच्या पायथ्याची वाळू उकरून नेते, हेही मी दर पावसाळ्यात पाहतो. तुझे म्हणणे खरे आहे, परंतु अण्णांना ते सांगताना तुझा आवाज चढला होता, एवढेच.

आता जे लिहायचे नव्हते ते लिहितो. पाण्यात उतरण्याची एवढी काय गरज आहे? चेन्नईच्या राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातला देशाचा किनारा तपासून त्याचा सुमारे एक तृतीयांश भाग झिजत असल्याचे दाखवले, आणि त्यासाठी मुख्यतः उपग्रहचित्रेच वापरली, हे तूच मला सांगितले होतेस. मग तुलाही खोलीत बसून हे काम करता येणार नाही का, असे मी मागे विचारले तेव्हा तू शांतपणे समजावलेस, की उपग्रहाला पाण्याची कड दिसते, परंतु पावसाळ्यात पुळणीवरून गेलेली वाळू लाटा फुटतात त्या भागात पाण्याखाली बांधासारखी साचून राहते. ती तिथे किती आहे हे कळल्याशिवाय दिवाळीपर्यंत किती परत येईल, हे सांगता येत नाही. मला ते पटले. पटल्यामुळे काळजी कमी झाली असे नाही.

तिसरी-चौथीत असताना तू कोपऱ्यावरच्या माडापासून भरतीच्या रेषेपर्यंतची माझी पावले मोजून वहीत लिहीत असस. मी लांब टांग टाकली की "बाबा, सारखी पावले टाका, नाहीतर मोजणी चुकते" म्हणून ओरडत असस. आषाढात रेषा माडाच्या मुळांशी येई, दसऱ्यानंतर पुन्हा लांब जाई, आणि तुझ्या वहीत ते आकडे उतरत जात. ती वही आईने जपून ठेवली आहे. तो माड आता नाही, हे तुला ठाऊकच आहे.

केरळात कल्लक्कडल नावाचा प्रकार आहे, असे तुझ्याच तोंडून ऐकले. दूर दक्षिणेकडच्या महासागरातल्या वादळांनी उठवलेल्या लांब लाटा हजारो किलोमीटर चालून काही दिवसांनी त्या किनाऱ्याला लागतात. तिथे वारा नसतो, आभाळ मोकळे असते, आणि पाणी मात्र वाडीत शिरते. आम्ही आयुष्यभर वारा आणि आभाळ पाहून समुद्राचा अंदाज बांधत आलो, तो अंदाज तिथे निरुपयोगी ठरेल. म्हणून समुद्राचा अंदाज सांगणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेची सूचना पाहिल्याशिवाय पुळणीवर पाऊल ठेवू नये. अमावास्या-पौर्णिमेला ओहोटी खूप मागे जाते, म्हणून तुम्ही मोजणीला तेच दिवस धरता, परंतु उधाणाची भरतीही त्याच दिवसांची असते. मापाची काठी सरळ धरणारा माणूस काठीवरच्या बुडबुड्याकडे पाहत असतो आणि त्याची पाठ समुद्राकडे असते, हे मी तुझ्याबरोबर आलो होतो तेव्हा पाहिले आहे. एक लाट गुडघ्याला लागली आणि तुमचा तो मुलगा काठीसकट बसला. सगळे हसले. मला हसू आले नाही. जिथे लाट फुटत नाही आणि पाणी गुळगुळीत दिसते, तिथेच परतीच्या पाण्याची ओढ असते, आणि त्या ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे न झगडता आडवे पोहावे. दाजींना हे माहीत नव्हते असे थोडेच आहे.

ज्या विषयात तू डॉक्टरेट मिळवलीस तो मी तुला शिकवतो आहे. मास्तरकी अंगातून जात नाही, रागावू नकोस. परवा पोस्टात कोणी विचारले, मुलगी काय करते, तेव्हा मी "समुद्र किती पुढे येणार ते मोजते" असे जरा मोठ्यानेच सांगितले. २०२२ साली विझिंजमच्या बंदरावरून तिथल्या मच्छीमारांनी मोठे आंदोलन केले. किनारा बंदरामुळे झिजतो की नाही, हाच वाद होता. अशा वादात दोन्हीकडची माणसे शेवटी मोजणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतात. तुझा आकडा कोणाच्या सोयीचा नसला तरी तसाच मांड. अण्णांपुढे मांडलास तसा, फक्त आवाज खाली ठेवून.

आईने आगळ आणि सांडगे बांधून ठेवले आहेत, गावचे कोणी तिकडे जाणारे मिळाले की पाठवतो. पाऊस तुमच्याकडे आमच्याआधी पोहोचेल. मोजणीचे दिवस आधी कळव, आणि पाण्यातून बाहेर आलीस की रात्र होण्याची वाट न पाहता फोन कर. तुझ्या कमरेला दोर बांधून तो किनाऱ्यावर धरायला माणूस असतो का, आणि तरंगण्याचे जाकीट तुझे स्वतःचे आहे की सगळ्यांत मिळून एकच, हे उलट टपाली कळव. जाकीट नसेल तर पैसे पाठवतो, संस्थेच्या मंजुरीची वाट पाहू नकोस.

तुझे,
बाबा