गडकरी साहेब, टोलमाफी गाडीला नको, माणसाला द्या

मा. श्री. नितीनजी गडकरी साहेब,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री आणि आमच्या नागपूरचे खासदार,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हालाच का लिहितोय ते आधी सांगतो. एसटीचं भाडं राज्य सरकारकडे, शहर बस महापालिकेकडे, मेट्रोचं ऑफिस वेगळं, आणि फुटपाथ नेमका कोणाचा हे विचारलं की प्रत्येक जण पुढच्या खिडकीकडे बोट दाखवतो. पण बसचं दार, पायरी, आतली सोय कशी असावी हे सांगणारे केंद्रीय मोटार वाहन नियम तुमच्या मंत्रालयाचे, आणि राष्ट्रीय महामार्गावर टोल कोणाला माफ हे ठरवणारे २००८ चे नियमही तुमच्याच मंत्रालयाचे. माझ्यासारख्याला नागपुरातून बाहेर पडायला शेवटी किती पैसे लागतात, ते या दोन नियमांवरच ठरतं साहेब, म्हणून तुम्हाला.

मी व्हीलचेअरवर असतो. मणक्याला मार लागलाय, कमरेखाली काही हालत नाही, हातातही पूर्ण जोर नाही, त्यामुळे गाडी चालवणं माझ्याच्यानं होत नाही. सोबत आई नाहीतर लहान भाऊ लागतोच.

आता सवलत बघा. एसटीच्या साध्या बसमध्ये ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्याला भाड्यात ७५ टक्के सूट आहे, आणि दिव्यांगत्व ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबतच्या माणसाला ५० टक्के. म्हणजे १०० रुपयाचं तिकीट असेल तर माझे २५ आणि आईचे ५०, दोघं मिळून ७५ रुपयात पोचलो पाहिजे. खूप चांगली सवलत आहे, २५ जानेवारी २०२५ पासून भाडं १४.९५ टक्के वाढलं तरी गरिबाला परवडेल अशी. (रेल्वेत तर एकट्यानं प्रवास न करू शकणाऱ्या अस्थिव्यंग माणसाच्या सोबत्याला त्याच्याएवढीच सूट मिळते, एसटीनंही तसंच करायला हवं, पण तो आजचा मुद्दा नाही.)

आजचा मुद्दा हा की त्या ७५ रुपयाच्या बसमध्ये मी चढायचं कसं?

बस स्टँडवर काय होतं ते सांगतो. गाडी फलाटाला लागते, लोक खिडकीतून रुमाल टाकतात, दाराशी रेटारेटी. दार अरुंद, पहिलीच पायरी इतकी उंच की धडधाकट म्हातारा माणूससुद्धा दांडा धरून आधी एक पाय ठेवतो मग दम घेऊन दुसरा. मला चढवायचं म्हणजे एकानं मागून काखेत हात घालायचे, दुसऱ्यानं पाय धरायचे, तिरपं करून आत घ्यायचं, त्यात शर्ट वर सरकतो, लघवीची पिशवी ओढली जाते, ती आईनं हातात धरून सोबत चढायचं, आणि हे सगळं पन्नास लोकांसमोर. खुर्ची घडी करून ड्रायव्हरच्या मागं कुठंतरी कोंबायची. मे महिन्यात तिचा लोखंडी दांडा हातात धरवत नाही इतका तापलेला असतो. एकदा कंडक्टर म्हणाले, "भाऊ, गाडीले उशीर होऊन राहिला, मागच्या गाडीनं या ना." मला त्यांचा राग नाही, ते बिचारे वेळापत्रकाला बांधलेले, पण मागची गाडीही तशीच असते ना साहेब.

म्हणून मग बाबा म्हणतात टॅक्सी कर. बाहेरगावच्या दवाखान्यात दाखवून परत यायचं म्हटलं की दोन-अडीच हजार रुपये जातात. ७५ रुपयाच्या तिकिटाची सवलत खिशात आणि हातात अडीच हजाराचं बिल. माझं खरं भाडं हे आहे. सरकारच्या कागदावर मी सवलतीचा लाभार्थी आहे, पण ज्या गाडीत बसता येत नाही तिची सवलत मी वापरू कशी?

आणि त्याच टॅक्सीच्या बिलात टोल असतो. आता तुमचे २००८ चे फीचे नियम. त्यातल्या नियम ११ मध्ये माफीची यादी आहे, आणि त्या यादीत दिव्यांग व्यक्तीच्या वापरासाठी खास बनवलेलं वाहन आहे. चांगलंच आहे, अशा वाहनाला माफीचा वेगळा फास्टॅगही मिळतो, आणि २०२० मध्ये तुमच्याच मंत्रालयानं गाडीच्या नोंदणीत मालकीचा प्रकार म्हणून दिव्यांगजन हा रकाना आणला, ते काम खरंच मोलाचं झालं. पण यात कोण बसतं बघा. ज्याच्या हातात जोर आहे, ज्याच्याकडे कार घ्यायचे पैसे आहेत, ती हातानं चालवायसारखी करून घ्यायचे पैसे आहेत, त्याला टोल माफ. आणि ज्याला गाडी चालवताच येत नाही, म्हणजे पूर्ण अंध माणूस, सेरेब्रल पाल्सीचं मूल, मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा पोरगा, मानेपासून खाली लुळा झालेला माणूस, हे सगळे भावाच्या नाहीतर भाड्याच्या साध्या गाडीत मागच्या सीटवर बसून जातात आणि पूर्ण टोल भरतात. दिव्यांगत्व जितकं जास्त तितकी माफी लांब, असं उलटं झालंय हे. कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, नियम लिहिताना गाडी डोळ्यासमोर होती, आत बसलेला माणूस नव्हता.

एका टोलनाक्यावर भावानं माझं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, दाखवलं होतं. तिथल्या पोरानं कार्ड उलटंपालटं केलं, माझ्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं आणि म्हणाला गाडी साधी आहे ना, मग नाही होत. तो नियमाप्रमाणेच बोलला. फास्टॅगनं तर पैसे आधीच कापलेही गेले होते.

तुम्ही म्हणाल वार्षिक पास आहे की. आहे, १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयात २०० फेऱ्या होत्या, आणि नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांसाठी महिन्याचा पासही आहे. रोज जाणाऱ्याला हे फायद्याचं आहे हे मान्य. पण हे दोन्ही खासगी, बिगर-व्यावसायिक गाड्यांसाठी, टॅक्सीला नाही, आणि वार्षिक पास समृद्धी महामार्गावर चालत नाही कारण तो रस्ता राज्याचा. ज्याच्याकडे गाडीच नाही त्याला पास कशाचा काढायचा?

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा काढून बघा, कलम ४१. त्यात बस स्टॉप, रेल्वे स्टेशन, तिकीट खिडकी सोयीची करा असं आहे, जुन्या गाड्यांमध्येही जमेल तिथं बदल करा असं आहे, आणि त्याच कलमात पुढं दिव्यांगांना परवडेल अशा खर्चात फिरता यावं म्हणून सवलती, वाहनात बदल आणि सोबतीची मदत यांच्या योजना करा असंही आहे. म्हणजे पायरी आणि पैसा कायद्यानं एकाच कलमात बांधलेत. आपण मात्र पायरी एका खात्याला दिली, तिकीट दुसऱ्याला, टोल तिसऱ्याला, आणि तिघंही आपापलं काम झालं म्हणून मोकळे.

होऊ शकतं हे मला मेट्रोनं दाखवलं. डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा पूर्ण झाला तेव्हापासून खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्य नगर ते प्रजापती नगर, सीताबर्डीला गाडी बदलून, मी कोणाच्या हातावर न चढता जाऊ शकतो. लिफ्टनं वर, फलाट आणि डबा एका पातळीवर, खुर्ची सरळ आत. पहिल्यांदा गेलो तेव्हा आई फलाटावर उगाच हात पुढं करून उभी होती, मला धरायला, आणि धरायचं कामच पडलं नाही. पण खाली उतरलो की मेट्रो संपते. फुटपाथला उतार नाही, जिथं आहे तिथं तोंडाशीच बाइक येऊ नये म्हणून लोखंडी खांब ठोकलेत, त्यातून बाइक जाते, माझी खुर्ची जात नाही. मग ऑटो, आणि खुर्चीचे वेगळे पैसे.

तर माझं मागणं. नियम ११ मध्ये एक ओळ वाढवा, की बेंचमार्क दिव्यांगत्व, म्हणजे ४० टक्के किंवा जास्त, असलेली व्यक्ती ज्या कारमध्ये प्रत्यक्ष प्रवास करतेय, त्या कारला टोल नाही, मग गाडी भावाची असो की भाड्याची. गैरवापर होईल असं अधिकारी सांगतील. घरच्या गाडीसाठी एका यूडीआयडीवर एकच फास्टॅग जोडू द्या, आणि टॅक्सी असेल तर कापलेला टोल कार्डाशी जोडलेल्या बँक खात्यात परत द्या. कार्ड सरकारचं, फास्टॅगची नोंद सरकारकडे, नाका आणि वेळ सगळं त्यात असतंच, दोन्ही जुळवायचं तेवढं बाकी आहे.

दुसरं बसचं. १ मार्च २०२० पासून बसमध्ये राखीव सीट, कुबड्या ठेवायची सोय, धरायला दांडे आणि व्हीलचेअर आत घेऊन बांधून ठेवायची व्यवस्था हवी असा नियम तुमच्याच मंत्रालयानं केला. फिटनेसला गाडी येते तेव्हा ब्रेक आणि लाइट बघतात तसं हेही प्रत्यक्षात बघायला लावा, नसेल तर गाडी परत पाठवा. सुप्रीम कोर्टानंही ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी प्रकरणात सांगितलंय की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सोयीनं वापरता येण्याचे, निकष नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, किमान काही गोष्टी सक्तीच्या करा. बस स्टँडसारख्या जुन्या सार्वजनिक इमारती सोयीच्या करायला कायद्यानं दिलेली पाच वर्षं तर २०२२ च्या जूनमध्येच संपली.

टोलचे नवे दर दरवर्षी १ एप्रिलला लागू होतात. येत्या १ एप्रिलच्या आत नियम ११ ची ती ओळ निघावी एवढीच मुदत मी मागतो. मसुदा करताना आमच्यापैकी कोणाला बोलवायचं असेल तर नागपुरात कुठंही बोलवा, फक्त जागा तळमजल्यावर ठेवा.

आपला,
नागपूरचा एक मतदार