टेबलाच्या पलीकडे जाण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. इतकी वर्षं परराष्ट्र सेवेत काढल्यावर वॉशिंग्टनमधल्या लॉबिंगच्या, म्हणजे कायदे करणाऱ्यांचं मन वळवण्याच्या, नोकरीचं तुझ्या मनात घोळतंय, आणि हे काम आपल्यासारख्यानं करावं का, असं तू विचारतोस. मी आधी अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, एका समितीच्या कार्यालयात विधेयकांचे मसुदे हाताळले, मग लॉबिंग करायला टेबलाच्या पलीकडे जाऊन बसलो. दोन्हीकडून जे दिसलं तेच लिहितो.

तुला आधी एक सवय मोडावी लागेल. राजनैतिक संबंधांवरच्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ४१ तुझ्या हाडीमाशी भिनलंय: यजमान देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायची नाही, आणि सरकारी काम परराष्ट्र खात्यामार्फत किंवा ठरवून दिलेल्या खात्यामार्फतच न्यायचं. तू कायम ठरलेल्या दारातून आत गेलास. इथे काँग्रेसमध्ये मतदान करणारे ५३५ जण आहेत, सिनेटमध्ये १०० आणि प्रतिनिधीगृहात ४३५. धोरण एक समिती बघते, पैसे दुसरीच देते. तह मंजूर करायला सिनेटमध्ये हजर असलेल्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात. १९८६ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीवर निर्बंध घालणारं विधेयक अध्यक्ष रेगन यांनी नकाराधिकार वापरून परत पाठवलं. प्रतिनिधीगृहानं ३१३ विरुद्ध ८३ आणि सिनेटनं ७८ विरुद्ध २१ मतांनी तो नकाराधिकार मोडून काढला, आणि तेव्हा सिनेटमध्ये बहुमत रेगन यांच्याच पक्षाचं होतं! त्या मतांमागे विद्यार्थी होते, चर्च होती, कामगार संघटना होत्या. वर्षानुवर्षं ते एकेका सदस्याच्या मागे लागले होते. तेही लॉबिंगच. म्हणून या शब्दाला मी नाक मुरडत नाही, तूही मुरडू नकोस.

धीर मात्र तुझ्या नेहमीच्या कामापेक्षा जास्त लागतो. भारत-अमेरिका अणुकराराचंच बघ. संयुक्त निवेदन निघालं १८ जुलै २००५ ला. मग या सहकार्याला अमेरिकी कायद्यात वाट करून देणारा २००६ चा हाइड कायदा झाला, सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार गटानं, म्हणजे अणुसामग्री निर्यात करणाऱ्या देशांच्या गटानं, भारताला सूट दिली, आणि सिनेटचं शेवटचं मतदान १ ऑक्टोबर २००८ ला, ८६ विरुद्ध १३. दोन नेत्यांनी हात मिळवल्यापासून तीन वर्षांहून जास्त काळ गेला. मधल्या काळात कितीतरी स्टाफर, म्हणजे सदस्यांच्या कार्यालयातले कर्मचारी, नोकऱ्या बदलून गेले असतील, आणि नव्या माणसाला सगळं पहिल्यापासून समजावून सांगायचं, हाच या कामाचा मोठा भाग आहे. सदस्याला भेटायला मिळणारा वेळ फार थोडा असतो. खरं वाचन करतो तो पंचविशी-तिशीतला स्टाफर. सात-आठ देश, एक मोठा प्रदेश आणि वर दोन वेगळेच विषय एकट्याच्या गळ्यात. त्याला तुझ्या प्रबंधाचा उपयोग नाही. त्याला हवं असतं एक पान: मागणी काय, कुठल्या कलमात कुठला शब्द बदलायचा, आणि विरोधक काय म्हणतील.

हा शेवटचा भाग मी एकदा गाळला. एका दुरुस्तीसाठी टिपण लिहीत होतो. आमच्या बाजूला गैरसोयीची अशी एक गोष्ट होती, खोटी नव्हती, पण आम्हाला जड जाणारी. ती ओळ मी लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली आणि शेवटी काढून टाकली. सुनावणीत नेमका तोच मुद्दा समोरच्या सदस्यानं काढला. ज्यांनी माझ्या पानावर भरवसा ठेवला होता ते कागद चाळत राहिले. उत्तर त्या पानावर नव्हतंच. मी मागच्या रांगेत बसलो होतो. संध्याकाळी त्यांच्या स्टाफरचा फोन आला. चिडला नव्हता. एवढंच म्हणाला, "तुम्हाला माहीत होतं ना?" त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं त्या कार्यालयातून मला वेळ मिळाली नाही. ते योग्यच होतं. तेव्हापासून विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा मी स्वतः लिहितो, आणि ठळक अक्षरात.

दुसरी गोष्ट, आपण कोणाच्या वतीनं आलोय हे उघड सांगण्याची. परकी सरकारं किंवा पक्ष यांच्या वतीनं काम करणाऱ्यांना नोंदणी करायला लावणारा 'फारा' कायदा १९३८ चा, नाझी प्रचाराच्या पार्श्वभूमीवर आलेला. काम स्वीकारल्यापासून दहा दिवसांत नोंदणी, मग दर सहा महिन्यांनी तपशील: कोणाला भेटलो, किती पैसे मिळाले, कुठे खर्च केले. हे कागद कोणालाही बघता येतात. राजदूतावासातल्या मान्यताप्राप्त अधिकाऱ्याला या कायद्यातून सूट असते, त्यामुळे तुला सुरुवातीला हे बोचेल, आपण काही लपवत होतो का असं वाटेल. मला उलट त्यात हायसं वाटतं. "मी अमुक सरकारच्या वतीनं आलोय, त्याचे मला पैसे मिळतात," हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं की समोरचा माणूस निवांत ऐकतो. वकील कोणाचा हे कळलं की युक्तिवाद तोलता येतो. नोंदणी टाळण्यासाठी मधे एखादी संस्था उभी करू म्हणणारे भेटतील. त्यांच्याकडे चहासुद्धा घेऊ नकोस.

तुझ्याजवळ जे आहे ते बाजारात सहज मिळत नाही, हेही सांगतो. वाटाघाटींच्या मसुद्यात चौकटी कंसात अडकलेला, म्हणजे अजून एकमत न झालेला, एकेक शब्द सोडवायला रात्री जागून काढलेला माणूस तू. 'करेल' आणि 'करू शकेल' यांतल्या फरकापायी किती माणसांचं काय होतं, हे तुला कळतं. विधेयक लिहिणाऱ्यांना अशी माणसं हवी असतात. ते परदेशातल्या परिणामांचा विचार करत नाहीत असं नाही, पण तिथे राहून आलेला कोणी समोर बसलेला नसतो.

तर माझं उत्तर: कर, पण कोणासाठी ते पाहून. सही करण्याआधी त्या फर्मला दोन गोष्टी विचार. एखादा अशील नाकारण्याचा हक्क तुला मिळेल का, आणि अशिलाला नको असलेली ओळ टिपणात ठेवायची की काढायची, हे शेवटी कोण ठरवणार? दुसऱ्या प्रश्नावर ते किती वेळ घेतात याकडे लक्ष दे. उत्तर आलं की मला तसंच्या तसं, त्यांच्याच शब्दांत लिहून पाठव. करारनाम्याचा मसुदाही पाठव, आपण दोघं मिळून ओळन् ओळ वाचू.

तुझाच,
जुना मित्र